बोअर, विहीर की शेततळं? दोन एकर संत्र्याचा हिशेब

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, गावात बोअरची गाडी आली हाये. पाडून घेऊ का एक? शेजारच्याले साडेसातशे फुटावर लागलं म्हणते."

त्याचं वावर विदर्भात, वरूडकडं. दोन एकर संत्रा, सहा बाय सहा मीटरवर लावलेला, झाडं बारा वर्षांची, आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरलेला. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल जुनी विहीर. मी म्हटलं, "घाई कायले करतं? आधी हिर मोज." हाच प्रश्न मोर्शी, नरखेड, काटोलात दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतं, म्हणून त्याला सांगितलेला हिशेब इथे सविस्तर मांडतो. पैसा एकदाच घालायचा आहे आणि पर्याय चार-पाच आहेत.

आधी गरज लिटरमध्ये

"पाणी कमी पडते" हे काही माप नव्हे. सहा बाय सहावर एकरी ११० झाडं बसतात, म्हणजे दोन एकरांत २२०. भर उन्हाळ्यात ठिबकवरच्या मोठ्या झाडाला दिवसाला १२० लिटर धरा. झाले २६ हजार लिटर रोज. मार्च ते जूनचा पहिला आठवडा असे शंभर दिवस धरले तर २६ लाख लिटर.

आता विहीर काय देते ते पाहायचं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. संध्याकाळी पंप बंद करताना दोरीला गाठ मारायची, सकाळी परत मोजायचं. रात्रीतून तीन फूट चढलं तर तुमची दोन एकरांची गरज तिथंच भागली, बोअरची गाडी परत पाठवा. भाच्याच्या विहिरीत दीड फूट चढलं. म्हणजे रोज १३ हजार लिटर, गरजेच्या निम्मं. सगळी तूट भरून काढायची ती एवढीच. साडेसातशे फुटांपर्यंत जायचा विचार करणाऱ्या माणसाला आपली तूट किती ते माहीतच नव्हतं!

खाली आहे तरी काय

आपल्या बहुतेक भागात पायाखाली काळा पाषाण, लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगाळ खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. त्या खडकातून उपसता येणारं पाणी आकारमानाच्या जेमतेम १ ते ३ टक्के. २ टक्के धरलं तर एका एकराखालची पातळी एक मीटर उतरवून हाती येतात ८० हजार लिटर. दोन एकरांखालचे एक लाख साठ हजार. रोज २६ हजार उपसले तर सहा दिवसांत एक मीटर, शंभर दिवसांत सोळा-सतरा मीटर. एवढा जाड पाणीधर मुरूम कोणाच्याच वावरात नाही. म्हणजे उन्हाळ्यात प्रत्येक बगीचा धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, पाणी ओढूनच जगतो. शेजाऱ्याचंही तेच चाललेलं असतं.

वरूड-मोर्शीत पातळी का गेली याचं उत्तर या हिशेबातच आहे. या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणायची हौस मोठी. बगीचे वाढत गेले, विहिरी आटल्या, मग विहिरीत आडवे बोअर आले, मग उभे, मग पाचशे, आठशे, हजार फूट. पाऊस मात्र आठशे-नऊशे मिलिमीटरच्या आसपासच राहिला, आणि तोही चार-सहा दणक्यांत पडून नाल्यानं निघून जाणारा. २०१८ चा पावसाळा हुकला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात उभे बगीचे वाळले. तेव्हा ज्यांच्याकडे खोल बोअर होते त्यांचेही वाळले, हे विसरायला नको. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला दिलासा आहे, मी नाही म्हणत नाही. पण पंप बंद करायला एक कारण कमी झालं, हेही खरं.

बोअर आणि जुनी विहीर, शेजारी शेजारी

बोअरचा मोठा गुण म्हणजे झटपट. रात्रीतून काम होतं, जागा लागत नाही, आणि लागलं तर पाणी त्याच आठवड्यात. तोटा असा की लागेल की नाही हे गाडीवाला सांगत नाही, पाणाड्याचा नारळ उभा राहिला तरी पैसे फुटावरच मोजावे लागतात. खोल गेलं की फुटाचा दर वाढतो, केसिंग वेगळी, मोटर जास्त टप्प्यांची, केबल लांब, आणि मोटर अडकली तर काढायचा खर्च पुन्हा वेगळा. खोल सांध्यातलं पाणी भरायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून पहिल्या वर्षीचा धो धो फवारा तिसऱ्या वर्षी बोटाएवढ्या धारेवर येतो. माझ्या स्वतःच्या वावरात तीन भोकं आहेत, त्यातलं एक चालतं. त्याच्यावरही मी बगीचा सोडत नाही.

कायद्याची बाजूही पाहून घ्या. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर धरलंय आणि शेतीसाठी ती पाडण्यावर बंधन आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूटही भरत नाहीत. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. गाडीवाला यातलं काही बोलणार नाही.

जुन्या विहिरीचं काम याच्या उलट. गाळ काढा, मुरमातले बुजलेले झरे मोकळे करा, आणि पावसाळ्यात वावरातून वाहणारं पाणी गाळून तिच्यात सोडा. गाळण खड्डा दोन टप्प्यांत करायचा. पहिला छोटा, माती बसायला. दुसरा दोन मीटर लांब, रुंद आणि खोल. त्यात खाली मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर जाड वाळू, आणि तळातून पाइप विहिरीत. दोन गोष्टी लोक हटकून चुकतात. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणीही विहिरीत जाऊ देतात, त्यात शेणखत, फवारणीची औषधं, सगळं वाहून येतं. आणि वाळू दरवर्षी धुवत नाहीत. काळ्या मातीचा चिकण गाळ बसला की दुसऱ्या वर्षी तो खड्डा म्हणजे नुसतं डबकं.

याचा खर्च बोअरच्या मानानं किरकोळ. पण खरं सांगायचं तर पुनर्भरणानं वरचा मुरूम भरतो तो सगळा तुमच्यापाशी थांबत नाही, काही शेजाऱ्याकडं सरकतं. दिवाळीपर्यंत विहीर काठोकाठ दिसेल, मार्चअखेर फरक एखाद-दोन फुटांचा राहील. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा मात्र वेगळा. तिथे पातळीच मुळात खोल असते, सोडलेलं पाणी भराभर मुरतं आणि पुनर्भरण चांगलं साधतं. बोअर मात्र गोटे ढासळून बुजतो.

शेततळं

३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं उतार धरून सुमारे २२ लाख लिटर धरतं. आकडा ऐकून डोळे चमकतात, पण वजाबाकी करा. हिवाळ्यात रोज अर्धा सेंटीमीटर आणि एप्रिल-मे महिन्यांत एक सेंटीमीटर पाणी उडतं. मे महिन्यातला एक सेंटीमीटर म्हणजे भरलेल्या तळ्यातून दिवसाला नऊ हजार लिटर, पंचाहत्तर झाडांचं पाणी! जूनपर्यंत निम्मं सूर्य नेतो असं धरून चला. उरले ११ लाख. भाच्याची तूट रोज १३ हजार, एप्रिलपासून सत्तर दिवसांची, म्हणजे नऊ लाखांच्या आसपास. बसतं हिशेबात.

पण बांधासकट पंधरा-सोळा गुंठे जागा जाते, दोन एकरांतला पाचवा हिस्सा. मुरमाच्या जमिनीत प्लास्टिक अंथरावं लागतं, आणि उंदीर, रोही (नीलगाय), रानडुक्कर त्याला वर्षभरात भोकं पाडतात. कुंपण आणि आत दोर सोडणं माणसांसाठीही हवं, घसरट प्लास्टिकवरून बाहेर येता येत नाही. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डिसेंबरात बोअरनं शेततळं भरणं. जमिनीखालचं सुरक्षित पाणी वर आणून उन्हात वाळत घातल्यासारखं. भरायचंच तर नाल्यानं, किंवा ऑगस्ट-सप्टेंबरात विहीर ओसंडते तेव्हा तिच्यातून. त्या वेळी काढलेल्या पाण्याची जागा पुढचा पाऊस भरतो.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात मात्र विचारायचं कारणच नाही. पूर्णेच्या त्या गाळाखाली पाणी खारं, बोअर लागला तरी जमीन बिघडवतो. तिथली चिकण माती प्लास्टिकशिवायही पाणी धरते. तिथे शेततळंच. भंडारा-गोंदियात मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आधीपासून आहेत, एकट्यानं तळं खोदण्याआधी गावच्या तलावातला गाळ आणि बेशरमाची झुडपं काढणं स्वस्त पडतं.

ठिबक, आणि बहार बदलणं

ठिबक असेल तर आधी नळ्या धुऊन प्रत्येक तोटीखाली वाटी ठेवून बघा. भाच्याच्या एक तृतीयांश तोट्या क्षारानं बुजल्या होत्या. टोकाची झाडं उपाशी, म्हणून तो पंप दोन तास जास्त चालवत होता. अजून पाटानं देत असाल तर सगळ्यात आधी पैसे इथेच घाला, अनुदान अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत मिळतं. फक्त वाचलेल्या पाण्यावर तिसऱ्या एकरात नवी कलमं लावायची नाहीत. आमच्या भागात ठिबकनं पाणी वाचवलं आणि त्याच पाण्यानं बगीचे वाढवले.

माझ्या मते कमी चर्चेतला आणि मोठा पर्याय म्हणजे बहार. आंबियाचं फळ झाडावर नेमकं मार्च ते जून पाणी मागतं. मृग बहार म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा; त्याला मे महिन्यात ताणच द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं असतं, आणि पाण्याची खरी गरज पावसाळ्यानंतर फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे विहीर भरलेली असताना. एक एकर मृगावर नेलं तर उन्हाळ्याची गरज जवळपास निम्म्यावर येते, एक रुपयाचं भोक न पाडता. जोखीम आहेच. पाऊस लांबला की फुटीचा नेम नाही, आणि भारी काळ्या जमिनीत ताण नीट बसत नाही. भाच्याची जमीन हलकी-मध्यम, त्याला जमेल.

म्हणून त्याला सांगितलेला क्रम असा: या उन्हाळ्यात तोट्या आणि विहिरीचा गाळ, पावसाआधी गाळण खड्डा, पुढच्या हंगामात एक एकर मृग. तरी तूट राहिली तर लहान शेततळं. बोअर पाडायचाच असेल तर कायद्याच्या खोलीत आणि फक्त झाडं जगवण्यापुरता, फळ पोसायला नाही. मजूर मिळत नाहीत, तळ्याला जागा नाही आणि विहीरही नाही, अशा माणसाला बोअर हाच एक मार्ग उरतो हे मला मान्य आहे.

गाडी दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडं गेली. त्याला सहाशे फुटांवर पाणी लागलं, मेच्या पहिल्या आठवड्यात पंप बसला. भाचा गाठींची दोरी विहिरीच्या कठड्याला बांधून ठेवतो आणि दर रविवारी आकडा पाठवतो. परवाचा मेसेज: "मामा, सव्वा फूट." मे महिन्यात पाणी उतरतंच, दरवर्षी उतरतं. तरी मी त्याला शेजारच्या पंपाच्या वेळा लिहून ठेवायला सांगितलंय.