बिलात आहे, गाडीत नाही

बडोद्यातील एका मोठ्या कार कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आमची चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक पहिल्या मोफत सर्व्हिसपासून नियमित जात आली आहे, आणि गेल्या दिवाळीपूर्वी तिची चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिसही तिथेच झाली. त्या सर्व्हिसनंतर जे उघडकीस आले, ते पाहता नियमित देखभालीसाठी या सर्व्हिस सेंटरची शिफारस मी कोणालाही करणार नाही. पैसे जास्त लागले ही माझी मुख्य तक्रार नव्हे. कंपनीच्या पुस्तिकेने जे काम सांगितले आहे ते केले गेले नाही, जे सांगितलेले नाही ते आग्रहाने विकले गेले, आणि काही कामे न करताच बिलात लावली गेली. त्यांतील एक काम ब्रेकचे होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेच्या शेवटी देखभालीचा एक तक्ता असतो. आमच्या गाडीच्या तक्त्यात दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचे आहे. चाळीस हजाराला एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलायचे आहेत. ब्रेक प्रत्येक वेळी तपासायचे आहेत. आणि गाडी कितीही कमी चालली तरी ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे आहे. वॉरंटीच्या अटींमध्येही याच तक्त्याप्रमाणे देखभाल करण्याची अट आहे. इंजिन डिकार्ब (इंजिनात साचलेला कार्बनचा थर काढणे), एसी डिसइन्फेक्शन (एसीचे निर्जंतुकीकरण), अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला गंजरोधक लेप) यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख त्या तक्त्यात नाही, वॉरंटीच्या पानावरही नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र बोलणे सुरू झाले ते याच तीन गोष्टींपासून. स्वागत नीट झाले, पाणी विचारले, गाडीभोवती फिरून जुने ओरखडे टॅबवर टिपून घेतले, आणि मग सर्व्हिस ॲडव्हायझरने टॅबवरचे एक तयार पॅकेज दाखवून सांगितले, “करावी लो, साहेब, गाडी नवी जेवी थई जशे.” चाळीस हजाराला डिकार्ब केले नाही तर पुढे इंजिनाच्या वॉरंटीत अडचण येऊ शकते, असेही तो म्हणाला. मी पुस्तिकेतले पान उघडून दाखवल्यावर त्याने वॉरंटीचा मुद्दा सोडला आणि “कंपनीची शिफारस आहे” असे म्हणू लागला; ती शिफारस लेखी कुठे आहे, याचे उत्तर मिळाले नाही. आमच्या गाडीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, फवारले जाते, त्यामुळे ते व्हॉल्व्हवरून वाहत जाते आणि तिथे साचणारा थर बराचसा धुतला जातो. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, ॲव्हरेज घटलेले नाही, पिकअप कमी झालेला नाही. अशा गाडीला डिकार्बची गरज काय, हे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

अंडरबॉडी कोटिंगसाठी ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुराचा दाखला दिला गेला. तो पूर बडोदेकरांनी पाहिला आहे, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अख्ख्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि तेव्हापासून गंजाची धास्ती प्रत्येकाच्या मनात आहे. त्या धास्तीचा विक्रीसाठी वापर व्हावा, याचे मला फार वाईट वाटले. आमची गाडी त्या पुरात भिजली नव्हती आणि हे मी सांगितलेही. शिवाय गाडीचा तळ पूर्ण धुऊन, वाळवून घेतल्याशिवाय असे कोटिंग मारले तर चिखल आणि ओलावा आतच कोंडला जातो आणि गंज उलट आतून वाढतो. सकाळी आत घेतलेली आणि संध्याकाळी परत द्यायची गाडी हे कधी वाळवणार, याचाही खुलासा झाला नाही.

मी तिन्ही गोष्टींना नकार दिला आणि जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या नोंदीवर, तसे लिहून घेतले. अंदाज सहा हजार दोनशे रुपयांचा दिला होता. संध्याकाळी हातात आलेले बिल नऊ हजारांच्या पुढे होते. त्यात मी नाकारलेले एसी डिसइन्फेक्शन होते; मी सांगितल्यावर “चुकून राहिले” म्हणत त्यांनी ते काढले. व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग होते, ते मी मान्य केले. याखेरीज केबिन एअर फिल्टर नवीन, आणि “ब्रेक क्लीनिंग अँड ॲडजस्टमेंट, चारही चाके” अशा दोन ओळी होत्या. ही कामे उपयोगाची आहेत आणि पुढे लांबचा प्रवास आहे, असा विचार करून मी पैसे भरले आणि गेट पास घेऊन बाहेर पडलो.

फिल्टरचा प्रकार दुसऱ्याच दिवशी कळला. एसी लावल्यावर पूर्वीसारखाच कुबट वास येत होता, म्हणून मी ग्लोव्ह बॉक्स उघडून मागच्या खाचेतला केबिन फिल्टर बाहेर काढला. हे काम कोणालाही अवजारांशिवाय पाच मिनिटांत करता येते. आदल्या वर्षी हा फिल्टर मी स्वतः बसवला होता आणि चौकटीच्या कडेवर तारीख बॉलपेनने लिहून ठेवली होती. ती तारीख, माझ्याच अक्षरात, तशीच होती. घड्यांमध्ये धुळीचा करडा थर होता आणि एका घडीत कडुनिंबाचे वाळलेले पान अडकलेले होते. नवीन फिल्टरचे पैसे बिलात होते. फिल्टर गाडीत नव्हता. ॲडव्हायझरला फोटो पाठवला, तेव्हा “टेक्निशियनच्या नजरचुकीने झाले असेल, गाडी घेऊन या” असे उत्तर आले. आम्हाला भाऊबीज आटोपून सप्तशृंगी गडावर आणि पुढे नाशिकला आतेभावाकडे जायचे होते, त्यामुळे ते काम परतल्यावर करायचे ठरवले.

बडोद्याहून सापुताऱ्यामार्गे वणीकडे जाताना घाट चढेपर्यंत काहीही जाणवले नाही. दर्शन घेऊन गडावरून नांदुरीकडे उतरू लागलो तेव्हा गाडीत आम्ही पाच जण होतो आणि डिकी सामानाने भरलेली होती. उतार दुसऱ्या गिअरवरच घेतला होता, तरी वळणावळणाला ब्रेक लागतच होता. निम्मा घाट उतरल्यावर ब्रेकचा पेडल मऊ लागू लागला आणि नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला. मागच्या सीटवर आई आणि वहिनी होत्या; त्यांना काही न बोलता मी मोकळी जागा पाहून गाडी बाजूला घेतली, चाके निवेपर्यंत बराच वेळ थांबलो आणि उरलेला घाट पहिल्या गिअरवर अगदी संथ उतरलो. पेडल पुन्हा कडक झाला होता, पण नाशिकपर्यंत माझे लक्ष दुसऱ्या कशातही लागले नाही.

नाशिकमध्ये आतेभावाच्या ओळखीच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मेकॅनिकने आधी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडले. नवे ऑइल फिकट पिवळसर असते; आमच्या गाडीतले कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. त्याने पेनाच्या आकाराचे एक उपकरण त्यात बुडवले आणि त्यावरचा लाल दिवा लागला, म्हणजे ऑइलमध्ये पाण्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर गेले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ती मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सलग ब्रेक लागून चाकांजवळ उष्णता वाढली की ओलावा शोषलेले ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जात असल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पुरता पोहोचत नाही. गाडी निवली की बुडबुडे विरतात आणि पेडल पूर्ववत होतो. गडावर जे घडले त्याचा उलगडा असा झाला.

नंतर त्याने मागची चाके काढली. मागच्या ब्रेकचे ड्रम, म्हणजे चाकामागच्या गोल डब्या, इतके घट्ट बसलेले होते की ते सोडवायला दोन्ही बाजूंनी बराच वेळ ठोकावे लागले, आणि निघाल्यावर उपडा करून आपटताच काळ्या भुकटीचा ढीग फरशीवर सांडला. “काका, हे ड्रम कितीतरी महिन्यांत कोणी उघडलेलेच नाहीत,” असे तो म्हणाला. बडोद्याच्या बिलात मात्र चारही चाकांचे ब्रेक साफ करून ॲडजस्ट केल्याचे लिहिलेले होते. त्याने ड्रम आणि शूज (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) साफ केले, जुने ऑइल चारही चाकांतून पूर्ण काढून नवे भरले, आणि मजुरीसह जे पैसे घेतले ते सर्व्हिस सेंटरने न केलेल्या सफाईच्या रकमेपेक्षा थोडेच जास्त होते.

घरी आल्यावर जुन्या बिलांची फाईल काढली. दोन वर्षांच्या सर्व्हिसच्या बिलात ब्रेक ऑइल नव्हते, चार वर्षांच्या बिलातही नव्हते. याचा अर्थ कारखान्यातून भरून आलेलेच ऑइल चार वर्षे गाडीत होते. पुस्तिकेतल्या तक्त्यात असलेले आणि जिवाशी संबंध असलेले हे काम दोन्ही वेळा कोणी सुचवलेसुद्धा नाही, आणि तक्त्यात नसलेले डिकार्ब मात्र दोन्ही वेळा आग्रहाने सुचवले गेले. या सर्व्हिस सेंटरबद्दल मला सर्वात गंभीर वाटते ती हीच गोष्ट.

माझा एक मावसभाऊ अनेक वर्षे अशाच एका वर्कशॉपमध्ये काम करत होता. त्याने सांगितले की ॲडव्हायझरला दर महिन्याला अशा जादा कामांच्या विक्रीचे टार्गेट असते, त्यावर त्याचा इन्सेन्टिव्ह ठरतो, आणि ब्रेक ऑइलसारख्या वेळखाऊ आणि कमी रकमेच्या कामात कोणाला रस नसतो. शिवाय सणाच्या आधी एकेका टेक्निशियनकडे दिवसाला इतक्या गाड्या येतात की ड्रम उघडण्याइतका वेळच हाताशी नसतो. टेक्निशियन मुलांबद्दल माझ्या मनात राग नाही. ज्याने वेळ दिला नाही आणि तरी कामाच्या रकान्यात बरोबरची खूण करून घेतली, त्या व्यवस्थापनाने याचे उत्तर दिले पाहिजे. सर्व्हिस झाल्यावर कंपनीकडून अभिप्रायाचा फोन येतो, त्याआधी ॲडव्हायझरचा फोन येतो आणि दहापैकी दहाच गुण द्या अशी विनंती होते. मी तीन गुण दिले आणि कारणेही सांगितली. त्यानंतर कंपनीकडून कोणीही काही विचारले नाही.

सर्व्हिस मॅनेजरला फिल्टरचा फोटो, नाशिकच्या गॅरेजचे बिल आणि पुस्तिकेतले पान घेऊन भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. फिल्टर आणि ब्रेक सफाई यांचे पैसे परत देण्याची तयारी त्यांनी लगेच दाखवली, पण ब्रेक ऑइलबद्दल “ग्राहकाने मागितले तर बदलतो” असे उत्तर दिले. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये माणूस जातो तो तक्ता त्यांना पाठ असेल या भरवशावर. मी लेखी खुलासा मागितला; तो न आल्यामुळे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. त्यानंतर परताव्याची रक्कम खात्यात जमा झाली, लेखी खुलासा अजून आलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही. तो मार्ग मी मोकळा ठेवला आहे.

जे चांगले आहे तेही सांगायला हवे. इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच घातले होते आणि डिपस्टिकवर पातळी बरोबर होती. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर खरोखर नवे होते; जुने मागितल्यावर खोक्यात घालून दिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो कमी झालेला दरही बिलात बरोबर लावलेला होता. मागच्या वर्षी वॉरंटीत पॉवर विंडोची मोटर त्यांनी तक्रार न करता बदलून दिली होती.

ज्यांना वॉरंटीमुळे तिथे जावेच लागते, त्यांनी तक्त्याच्या पानाची छायाप्रत जॉब कार्डला जोडावी, ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते जॉब कार्डवर लिहायला लावावे, बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा, आणि चाके व ड्रम काढले जात असताना तिथे उभे राहण्याची परवानगी आधीच घ्यावी. ग्राहकाला वर्कशॉपमध्ये जाऊ देत नाहीत असे सांगितले, तर काचेपलीकडून दिसेल अशा बेवर (गाडीचे काम करण्याच्या जागेवर) गाडी घ्यायला सांगावे. या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रतीक्षागृहाच्या काचेतून तीन बे स्पष्ट दिसतात, आमची गाडी मात्र मागच्या शेडमध्ये नेली होती. आमच्या गाडीची वाढीव वॉरंटी पुढच्या वर्षी संपते. तोपर्यंत वॉरंटीची दुरुस्ती आणि तक्त्यातली सर्व्हिस तिथे होईल, आणि ब्रेकचे काम बाहेरच्या गॅरेजमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर होईल.