टॅली, वेबसाइट आणि मधला सांधा : एन-एट-एन दहा महिने वापरल्यावर

आमचं सांगलीत भडंग, चिवडा, लोणची, पापड आणि मसाल्यांचं काम आहे. वितरकांना जाणारा माल वेगळा, वेबसाइटवरून घरोघरी जाणारी पार्सलं वेगळी. वेबसाइट वूकॉमर्सवर, सेल्समनच्या ऑर्डरी झोहो सीआरएममध्ये, ऑनलाइन पैसे रेझरपेमधून, आणि सगळ्याचा शेवट आमचे हिशेब सांभाळणाऱ्या अण्णांच्या टेबलावरच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मागच्या मार्चपर्यंत या सगळ्यांना जोडणारा प्लॅटफॉर्म म्हणजे अण्णाच होते. रोज सकाळी ऑर्डरींचा प्रिंट काढायचा आणि पेनने टिक करत एकेक एंट्री मारायची. एरवी दिवसाला पन्नास-साठ बिलं, दिवाळीच्या तोंडावर दीडशेच्या पुढे. मी तिथे कॉम्प्युटरचं सगळं बघतो, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून वेबसाइटपर्यंत. त्यामुळे ही जोडणीही माझ्याच गळ्यात पडली. शेवटी ती एन-एट-एन (n8n) या, वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडणाऱ्या प्लॅटफॉर्मवर केली.

अशी जोडणी करून देणाऱ्या सेवा शोधायला लागलो की पहिल्यांदा आकडे अंगावर येतात. याच्याकडे इतक्या हजार ॲप्सची जोडणी, त्याच्याकडे तितक्या. मीही आधी वहीत तेच लिहून काढलं. नंतर लक्षात आलं की आपल्याला त्यातली चार-पाचच लागतात, आणि जिच्यावाचून अडतं ती टॅली बहुतेक याद्यांमध्ये नाहीच. नसायला कारणही आहे. टॅलीप्राइम ऑफिसातल्या विंडोज पीसीवर चालतं. बाहेरच्या प्रोग्रामशी ते बोलतं, पण पोर्ट ९००० वर (पोर्ट म्हणजे पीसीचं नंबर दिलेलं दार), एक्सएमएल या ठरावीक साच्यातल्या मजकुरात, आणि पीसी चालू असेल, टॅली उघडं असेल, योग्य ती कंपनी लोड केलेली असेल तरच. क्लाउडमधल्या कुठल्याही सेवेला आमच्या राउटरच्या आत शिरून त्या पीसीचं दार वाजवता येत नाही. ते पोर्ट इंटरनेटवर उघडून ठेवा असं एका सल्लागाराने सांगितलं होतं. मी हात जोडले. सगळा धंदा उघड्यावर मांडून झोप कशी लागेल?

म्हणून उलटं केलं. टॅलीच्या पीसीवर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, बसवली. ती दर पाच मिनिटांनी बाहेर जोडणीच्या प्लॅटफॉर्मकडे जाऊन विचारते, "काही आहे का माझ्यासाठी?" असेल तर घेऊन येते, टॅलीला देते आणि उत्तर परत नेऊन पोचवते. आतून बाहेर जायला कोणी अडवत नाही. ही स्क्रिप्ट ठरली आणि प्लॅटफॉर्मची निवड जवळपास आपोआप झाली, कारण आता प्रश्न फक्त मोजणीचा उरला.

मोजणीचं नीट समजून घ्या, बिल तिथेच फुगतं. झेपियर 'टास्क' मोजतं, म्हणजे ऑर्डर आल्यावर पुढे जी जी कामं होतील ती. मेक (जुनं नाव इंटिग्रोमॅट) जवळपास प्रत्येक पायरी मोजतं. आमच्या एका ऑर्डरीला नऊ पायऱ्या लागतात. दिवसाला साठ ऑर्डरी धरल्या तर महिन्याला १६,२०० झाल्या, आणि हा दिवाळीचा महिना नव्हे. एन-एट-एन सुरुवातीपासून शेवटपर्यंतची अख्खी फेरी एक धरतं. ऐकायला मस्त, पण आमची ती दर पाच मिनिटांची चौकशीसुद्धा एक फेरीच. दिवसाला २८८, महिन्याला ८,६४०, आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या हाताने परतणाऱ्या. म्हणून त्यांची क्लाउड योजना न घेता मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर ते स्वतःच बसवलं. स्वतःच्या धंद्याच्या अंतर्गत कामासाठी तसं फुकट वापरायची परवानगी त्यांच्या लायसन्समध्ये आहे. फेऱ्यांना मर्यादा नाही. सर्व्हरचं भाडं महिन्याला हजाराच्या आत.

म्यूलसॉफ्ट, बूमी वगैरे मोठ्या मंडळींचे डेमोही पाहिले. सॅपसारखं मोठं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या, वेगळी आयटी टीम असणाऱ्या कंपनीसाठी ठीक. आमच्याकडे टीम म्हणजे मी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं. पहिल्या दिवशी बेचाळीस ऑर्डरींसमोर बेचाळीस हिरव्या खुणा. मी खूश. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "काय ओ, टॅलीत एकोणचाळीसच दिसतायत." तीन बिलं गेली कुठे? टॅलीला एक्सएमएल दिलं की ते उत्तरात सांगतं, किती एंट्र्या तयार झाल्या, किती चुकल्या. पण एंट्री चुकली तरी वेबच्या भाषेत उत्तर '२००'च येतं, म्हणजे निरोप पोचला. मी पोचपावती पाहत होतो, चिठ्ठी उघडून वाचतच नव्हतो. तिन्ही बिलं पार्टीच्या नावावर अडली होती. एकीच्या नावात 'आणि'साठी ते वळणदार '&' चिन्ह होतं, जे एक्सएमएलमध्ये तसंच घातलं की सगळा मजकूर मोडतो. दुसऱ्या दोन्हींच्या लेजरमध्ये, म्हणजे टॅलीतल्या खात्यात, 'श्री'चं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. माणूस ते डोळ्यांनी जुळवून घेतो, टॅलीला अक्षर न अक्षर तेच लागतं. आता उत्तरातला चुकांचा आकडा शून्य नसेल तर ती फेरी लाल होते आणि पार्टीचं नाव अण्णांच्या व्हॉट्सॲपवर जातं. किरकोळ गिऱ्हाइकांसाठी तर एकच सामाईक लेजर ठेवलं आणि नाव नुसतं तपशिलात टाकलं. हे अण्णांनीच सुचवलं, मला सुचलं नसतं.

रेझरपे रक्कम पैशांत देतं हे मी वाचलेलं होतं, तरी शंभराने भागायचं विसरलो. ४५० रुपयांच्या लोणच्याची पावती ४५,००० ची झाली. त्यावर ऑफिसात अजून हसतात.

सगळ्यात महागात पडला तो जूनमधला रविवार. सर्व्हर अपडेट करायला घेतला आणि तो दोन तास बंद राहिला. वूकॉमर्स ऑर्डर आली की वेबहुकने, म्हणजे ठरवून दिलेल्या पत्त्यावर आपोआप, निरोप पाठवतं, पण ओळीने पाच निरोप परत आले की तो वेबहुक स्वतःहून बंद करून टाकतं. पाच ऑर्डरी त्या दोन तासांत सहज आल्या. सर्व्हर परत उठला, सगळं हिरवं दिसत होतं, कारण चुकायला काही येतच नव्हतं. सोमवार गेला. मंगळवारी दुपारी डिस्पॅचवाल्या पोरानं विचारलं, "आज पार्सलं नाहीत का?" मग घाईघाईने मागच्या ऑर्डरी हाताने ओढल्या, आणि त्या गडबडीत तेवीस बिलं दोनदा पडली. ती शोधून काढायला अण्णांना अर्धा दिवस लागला. एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी चहासुद्धा मागवला नाही, यावरून काय ते समजा.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. टॅलीत गेलेल्या प्रत्येक ऑर्डरीचा नंबर एका तक्त्यात लिहिला जातो आणि नंबर आधीच असेल तर बिल पुढे सरकत नाही. दुसरं, रोज रात्री नऊला वेबसाइटवरच्या ऑर्डरी आणि टॅलीतली बिलं असे दोनच आकडे आम्हा दोघांना व्हॉट्सॲपवर. हा निरोप पहिल्या दिवशी नऊला आलाच नाही, आला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. एन-एट-एनमध्ये वेळ मुळात न्यूयॉर्कची लावलेली असते, आणि मी ती बदलली नव्हती. वेळेचं हे प्रकरण वेबसाइटच्या बाजूलाही तपासा. वेळ जीएमटीत घेतली तर आपल्याकडची पहाटे साडेपाचच्या आधीची ऑर्डर आदल्या तारखेला पडते. एक तारखेला तसं झालं की बिल मागच्या महिन्याच्या जीएसटीत जातं.

जीएसटीचं निघालंच आहे तर २२ सप्टेंबर २०२५. पाकीटबंद चिवडा-भडंग आणि लोणचं १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. पापडाला कर नाहीच, मसाला आधीपासून ५ वर. अण्णांनी टॅलीत दर बदलले, मी वेबसाइटवर बदलले, आणि दोघंही निवांत. पण मधल्या फेरीत किमतीतून कर वेगळा काढायच्या सूत्रात मी १२ हा आकडा तीन ठिकाणी हाताने लिहून ठेवला होता. वेबसाइट १०५ रुपयांच्या पाकिटात पाच रुपये कर दाखवतेय आणि टॅलीकडे जाणाऱ्या बिलात सव्वाअकरा. दुपारपर्यंत सापडलं म्हणून निभावलं. आता दर फक्त एका शीटमध्ये आहेत आणि ती शीट अण्णांच्या ताब्यात आहे. त्यात मी हात घालत नाही.

वितरकांच्या ई-इन्व्हॉइसला, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाला, मात्र या जोडणीत आणलं नाही. उलाढाल ५ कोटींच्या वर असली की ते सक्तीचं आहे, आणि टॅली थेट पोर्टलशी बोलून आयआरएन (बिलाचा नोंदणी नंबर) आणते. चुकलं तर पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात. चाललेल्या गाड्याला खीळ कशाला घालायची?

स्वतः बसवायचं तर स्वतः सांभाळावं लागतं, हे लिहिलं नाही तर फसवल्यासारखं होईल. नोव्हेंबरमध्ये मी सर्व्हर बदलला. डेटाबेसचा बॅकअप चोख होता. फेऱ्या सगळ्या आल्या, पण एकही पासवर्ड उघडेना. पासवर्ड ज्या एन्क्रिप्शन की-ने बंद असतात ती वेगळ्या फाइलमध्ये असते, आणि जुना सर्व्हर मी पुसून मोकळा झालो होतो. झोहो, रेझरपे, वूकॉमर्स, व्हॉट्सॲप, सगळीकडे नव्याने किल्ल्या काढत रात्रीचे दोन वाजले. अण्णा २०१९ च्या पुरापासून टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेतात. आता त्या पेनड्राइव्हवर माझी ती कीसुद्धा आहे.

ज्यांच्याकडे टॅली नाही, हिशेब झोहो बुक्सवरच आहेत, त्यांनी एवढ्या भानगडीत पडू नये. झोहो फ्लोमध्ये भागेल. महिन्याला दोन-तीनशे ऑर्डरी असतील तर तयार सेवेला पैसे द्या, सर्व्हर सांभाळण्यात जाणारे रविवार त्याहून महाग पडतात. आमच्या आकारमानाला मात्र हे बसलं. अण्णांच्या सकाळच्या एंट्र्या संपल्या. ते आता येणी बघतात, आणि दोन वितरकांकडची जुनी उधारी त्यांनी फोन करकरून वसूलही केली.

कॅश ऑन डिलिव्हरीचा मेळ तेवढा अजून हातानेच. आमचा कुरिअरवाला एक्सेल फाइल ईमेलने पाठवतो आणि दर महिन्याला कॉलमची जागा बदलतो. दोनदा फेरी बांधली, दोनदा मोडली. अण्णा म्हणाले, "राहू द्या ओ, तेवढं मी करतो."