डीसीपीच्या नावाखाली संगमरवराची भुकटी

ब्रॉयलरचं खाद्य जे स्वतः मिसळतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. कंपनीच्या करारावर पक्षी पाळणाऱ्यांना खाद्य तयार येतं, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

मका घेताना आपण मूठभर दाणे हातावर घेतो, ओलावा बघतो, बुरशीचा वास येतो का हुंगतो. डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, हाडांसाठी कॅल्शियम-फॉस्फरस मिळावा म्हणून खाद्यात घालतात ते) म्हणजे मात्र नुसती पांढरी पावडर. पोत्यावर छापलंय तेच खरं. भेसळवाल्यांना हीच फट सापडली आहे.

आमच्या भागात एक एजंट फिरत होता. बाजारापेक्षा भाव कमी, गाडीभाडं त्याचंच, सोबत ‘फॉस्फरस 18 टक्के’ असा तपासणी अहवाल. अहवालाची झेरॉक्स, त्यावर लॉट नंबर नाही. बिल कच्चं. “पक्क्या बिलाला भाव वाढवून लागेल, दादा.”

त्याचं डीसीपी घातलेल्या खाद्यावर दुसरा आठवडा संपता संपता पिल्लं बसायला लागली. खाण्यावर वासना होती, पण गुडघ्यावर बसूनच फीडरकडे सरकायची. पाण्याच्या निपलपर्यंत मान पोचेना, अंगावरून बाकीची पळायची. डॉक्टरांनी एका पिल्लाची चोच दोन बोटांत धरून दाबली, तर ती रबरासारखी वाकली. मेलेल्या पिल्लाच्या नळीचं हाडही तसंच, मोडताना कट् आवाज नाही. मुडदूस.

एजंटचं उत्तर तयार होतं: तुमच्याकडे डी3 जीवनसत्त्व कमी पडलं असेल, मिक्सर नीट फिरला नसेल. प्रयोगशाळेतून नमुन्याचा निकाल आला तेव्हा फॉस्फरस जेमतेम निम्मा निघाला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. कच्च्या बिलावर तक्रार तरी कोणाविरुद्ध करणार?

आता नुकसान कसं होतं ते बघा. टनाला 18 किलो डीसीपी घातलं की साधारण सव्वातीन किलो फॉस्फरस मिळतो. त्यात निम्मी संगमरवराची भुकटी असेल तर दीड किलोच्या आसपासच मिळतो. मका-सोयातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, तो कोंबडीला नीट पचत नाही, म्हणून ही तूट तिथून भरून निघत नाही. शिवाय भुकटीत कॅल्शियम जवळजवळ 38 टक्के, डीसीपीत 23 च्या आसपास. म्हणजे फॉस्फरस घटतो आणि कॅल्शियम वाढतं. जास्तीचं कॅल्शियम उरलासुरला फॉस्फरसही नीट लागू देत नाही. नुसता माल कमी दिला असता तर परवडलं असतं म्हणायची वेळ येते.

गोडाऊनमध्ये उतरवून घेण्याआधी एवढं करा. काचेच्या ग्लासात चमचाभर पावडर घ्या, वरून पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक अॅसिड ओता. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून. चांगलं डीसीपी बहुतेक विरघळतं, थोडे बुडबुडे येतात नि थांबतात. सोड्याच्या बाटलीसारखा फेस उसळला तर चुनखडी किंवा संगमरवर आहे. तळाला न विरघळणारा गाळ राहिला तर वाळू समजा. रॉक फॉस्फेटची भेसळ मात्र या परीक्षेत हमखास सापडेलच असं नाही आणि त्यातलं फ्लोरिन वेगळा घात करतं, तेव्हा मोठ्या लॉटला प्रयोगशाळा हवीच. प्रत्येक लॉटचा पाव किलो नमुना दोघांच्या सहीनं सीलबंद ठेवा. सहीला जो नाही म्हणेल त्याची गाडी तशीच परत पाठवा.

तोच एजंट हल्ली ‘चिलेटेड’ (सेंद्रिय रेणूला बांधलेलं) झिंक-मँगनीज विकतोय असं कळलं. त्यात साधं सल्फेट भरलंय की नाही, हे ग्लासातल्या अॅसिडनं कळत नाही.