तुर्कीचं गुलेत की ग्रीसची सेलिंग यॉट?

दोन्ही करून झालंय म्हणून सांगते. आईबाबा, मुलं असा गोतावळा असेल तर सरळ तुर्कीतल्या फेथिये बंदरातून गुलेत घ्या. गुलेत म्हणजे लाकडी, ऐसपैस, दोन डोलकाठ्यांची बोट, कॅप्टन, कुक, खलाशी सगळे असतात, पण शिडं बहुतेक वेळा शोभेलाच, बोट चालते इंजिनवर! आम्ही केकोवाला गेलो, तिथं भूकंपांनी खचलेलं लिशियन, म्हणजे तिथल्या प्राचीन लोकांचं, गाव पाण्याखाली आहे, बोटीच्या कठड्यावरून वाकलं की पायऱ्या थेट समुद्रात उतरताना दिसतात, आणि सिमेनाच्या किल्ल्याखाली एक दगडी शवपेटी पाण्यात अशी उभी आहे की बाबा अर्धा तास तिच्याकडेच बघत बसले. अवशेषांवर पोहायला बंदी आहे हं. कुकने वांग्याचे इतके प्रकार केले की शाकाहारी मंडळी खूश.

ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांमध्ये मात्र खरं सेलिंग, बोट कलते, दोर ओढायला तुम्हालाही बोलावतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी, म्हणजे उत्तरेकडचा जोरदार वारा, सुटला की प्लॅन गेला खड्ड्यात, आम्ही दोन दिवस पारोस बेटाच्या धक्क्यावर नुसती कॉफी पीत बसलो होतो. डेलोस बेट, म्हणजे ग्रीक देव अपोलोचं जन्मस्थान, तिथं रात्री राहता येत नाही, दिवसा बघून निघायचं. केबिन एवढुशा, बॅग मऊच न्या, सूटकेस ठेवायला जागा नसते. पैशांचं बघाल तर बंदराचं भाडं, डिझेल, जेवण धरलंय की वेगळं हे दोन्हीकडे आधीच लेखी घ्या.

मला विचाराल तर जूनमध्ये ग्रीस, नवऱ्याला विचाराल तर कायम गुलेत, त्याला बोट लागते.