ट्रेलर जोडला की इंजिन तापतं, अ‍ॅव्हरेज पडतं: आधी स्कॅनर घ्यावा की टेंपरेचर गन?

एकटी गाडी दिवसभर गपगुमान चालते. मागे ट्रेलर जोडला की चढावर काटा हलतो आणि टाकी डोळ्यांदेखत उतरते. दोन्ही तक्रारी बरोबरच आल्या असतील तर मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. ते शोधायला पहिली वस्तू कोणती घ्यावी यावर मात्र सरळ दोन तट आहेत: ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर, नाहीतर लांबून तापमान दाखवणारी टेंपरेचर गन. दोन्ही आवाक्यातल्या आहेत आणि पुढेमागे दोन्ही घरात येतात. पण पहिली कोणती येते त्यावर तपास कुठून सुरू होतो हे ठरतं, आणि सुरुवात चुकली की चांगला रेडिएटर भंगारात जातो.

डॅशबोर्डवरच्या काट्याची साक्ष यात धरू नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ८५ अंशांवर असो की १०३ वर, काटा आपला मधोमध. तो वर सरकलेला दिसतो तेव्हा सावध व्हायची वेळ टळून गेलेली असते.

गनची बाजू आधी घेतो, कारण तिचे गुण खरे आहेत. ती गाडीच्या कॉम्प्युटरवर विसंबून नसते. आडव्या प्रवाहाच्या रेडिएटरवर एका टाकीकडून दुसऱ्या टाकीकडे तिचा ठिपका सरकवत नेला तर तापमान हळूहळू उतरत जायला हवं. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत. ही गोष्ट कुठलाही स्कॅनर सांगत नाही. वरचा होज कढत आणि खालचा जवळजवळ गार असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडत नाही किंवा रेडिएटरमधून प्रवाहच नाही, इतकं त्यावरून कळतं.

पण तिची दोन दुखणी आहेत. पहिलं किरकोळ: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती साफ चुकते. बहुतेक गन ०.९५ उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो ते माप) धरून आकडा काढतात आणि उघड्या धातूची उत्सर्जकता त्याच्या आसपासही नसते. त्यामुळे ९५ अंशांचं थर्मोस्टॅट हाउसिंग ती खुशाल ५०-६० दाखवते. उपाय सोपा आहे. तिथे काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा. १२:१ ची गन असेल तर ३६ सेंटिमीटरवरून ती ३ सेंटिमीटरचं वर्तुळ वाचते, म्हणून जवळ जा. लेझरचा लाल ठिपका फक्त नेमासाठी असतो, मोजमाप त्याच्या भोवतालचं होतं.

दुसऱ्या दुखण्याला इलाज नाही, आणि माझा निर्णय त्यावरच झाला. बिघाड चढावर असतो, गन बॉनेट उघडल्यावरच चालते. थांबेपर्यंत इंजिनावरचा भार गेलेला असतो. इंजिन चालू ठेवलं तर पंखा दोन-तीन मिनिटांत सगळं ताळ्यावर आणतो आणि गन सांगते, काही झालेलं नाही. बंद केलं तर पंप थांबतो, ब्लॉकमधली उष्णता जागच्या कूलंटमध्ये उतरते आणि आकडा होता त्याहूनही वर जातो. एकदा खोटा दिलासा, एकदा खोटी भीती, आणि चढावर नेमकं किती होतं ते कुणालाच माहीत नाही. गनच्या जोरावर पंप, पंखा, रेडिएटर अशा क्रमाने भाग बदलत जाण्याचं मूळ इथे आहे.

स्कॅनर नेमका त्या चढावर हजर असतो. त्याला सगळं विचारू नका. स्वस्त अ‍ॅडॉप्टरकडून पंधरा आकडे एकदम मागितले तर प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि गिअर बदलतानाचा क्षण निसटतो. सहा पुरेत: कूलंटचं तापमान, आरपीएम, वेग, इंजिनावरचा भार, शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधनात टक्क्यांनी करतो ती तात्पुरती आणि मुरलेली दुरुस्ती). गाडी ऑटोमॅटिक असेल आणि अ‍ॅप देत असेल तर गिअरबॉक्स ऑइलचं तापमान सातवं. रेकॉर्डिंग लावून फोन बाजूला ठेवा, आलेख थांबल्यावर बघायचा.

निघण्याआधी सेन्सर खरं बोलतो की नाही ते तपासून घ्या. रात्रभर थंड झालेल्या गाडीत इंजिन न चालवता फक्त चावी फिरवा. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एकमेकांच्या दोन-चार अंशांत हवं. नसेल तर पुढचे सगळे आकडे वाया.

आलेख वाचायला फार डोकं लागत नाही. तापमान ताशी ५० किलोमीटरच्या खाली चढतं आणि वेग घेतला की उतरतं, तर संशय पंख्यावर: व्हिस्कस क्लच, इलेक्ट्रिक पंख्याचा रिले, पंख्याभोवतीचं फाटलेलं आच्छादन. ८० च्या पुढे स्थिर वेगात सावकाश चढत राहतं, तर वारा भरपूर आहे पण उष्णता बाहेर पडत नाही. अशा वेळी तुंबलेला रेडिएटर, एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बसलेला चिखल, किंवा जास्त आरपीएमला चपटा होणारा खालचा होज. आकडा काही सेकंदांत दहा-पंधरा अंश उड्या मारतो, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा आहे. यात हेड गॅस्केटही येतं. आणि सपाटीवर तो ८० ला पोहोचतच नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. पी०१२८ हा कोड यासाठीच असतो. तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्यांच्या गाडीचंही हेच होतं: इंजिन पूर्ण गरम होत नाही, कॉम्प्युटर मिश्रण जाड (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) ठेवतो, अ‍ॅव्हरेज बसतं.

स्कॅनरने एकदा दाखवलं की विसरता येत नाही, अशी गोष्ट म्हणजे ऑटोमॅटिक गाडीतल्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडणारी पकड. चढावर ७० चा वेग, २२०० आरपीएम. पॅडल किंचित दाबलं. वेग तोच, गिअर तोच, आणि आरपीएम २५००. पाच सेकंदांनी परत २२००, मग पुन्हा २५००. लॉक-अप सुटतंय, लागतंय. सुटलेलं असताना इंजिनाची ताकद गिअरबॉक्सच्या तेलात उष्णता होऊन जाते. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत ते तेल रेडिएटरच्याच टाकीतल्या कूलरमधून फिरतं. म्हणून मिनिट-दोन मिनिटांनी कूलंट चढतं आणि दोष इंजिनाच्या माथी येतो. तापणं आणि इंधन खाणं या दोन्ही तक्रारी इथे एकाच जागी सापडतात. टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीचा मोड) लावून किंवा एक गिअर खाली धरून तोच चढ पुन्हा चढवा. आलेख सरळ झाला तर रेडिएटरला हात लावायचं कारण नाही. गिअरबॉक्स ऑइलला वेगळा कूलर बसवायचा विचार करा. मॅन्युअल गाडीत वेग न वाढता आरपीएम पळत असेल तर क्लच घसरतोय.

फ्युएल ट्रिमची बेरीज उणे-अधिक १० टक्क्यांत असेल तर पुढे जा. फक्त भार आल्यावर ती अधिक १५ च्या वर जात असेल तर इंधन कमी पडतंय किंवा मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळलाय. पॅडल पूर्ण दाबलेलं असताना मात्र ट्रिम बघू नये, तेव्हा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे लक्ष देत नाही. डिझेलमध्ये ट्रिमचा हा हिशेब लागू नाही.

पेट्रोल गाडीला मॅफ असेल तर अ‍ॅव्हरेजही काढता येतं. समजा ताशी ८० ला मॅफ सेकंदाला ४५ ग्रॅम दाखवतोय. १४.७ ने (एक ग्रॅम पेट्रोलला लागणारी हवा) भागलं की ३.०६ ग्रॅम पेट्रोल, तासाला साधारण ११ किलो, म्हणजे १५ लिटरच्या आसपास. अ‍ॅव्हरेज लिटरला ५.३ किलोमीटर. मिश्रण जाड असेल तर प्रत्यक्षात आणखी कमी, पण तुलनेला आकडा पुरतो. मग ठरावा लागतो तो वेग. ८० वरून १०० वर गेलं तर हवेचा विरोध दीडपटीहून थोडा जास्त होतो आणि त्यावर खर्च होणारी ताकद जवळजवळ दुप्पट. उंच, चपट्या तोंडाच्या ट्रेलरला हे फार झोंबतं, आणि तिथे बिघाड शोधण्यात अर्थ नसतो.

स्कॅनरही आंधळा आहेच. सेन्सर वाफेत उघडा पडला तर तो शांतपणे कमी तापमान सांगतो आणि स्कॅनर तेच खरं मानतो. रेडिएटरचं झाकण दाब धरत नाही हेही त्याला कळत नाही. कूलंट आणि पाण्याचं पन्नास-पन्नास मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं, साधारण १ बारच्या चांगल्या झाकणाखाली १२५ च्या पुढे. त्यामुळे १०८ हा आकडा एका गाडीत निभावतो, दुसरीत उकळी आणतो. झाकणाची परीक्षा प्रेशर टेस्टरनेच करायची, तीही थंड इंजिनावर. गरम असताना ते उघडायचं नाही.

आणि ट्रेलर तर स्कॅनरला दिसतच नाही. घासणारा ब्रेक इंजिनावर चढासारखाच भार टाकतो. सपाटीवर भाराचा आकडा नेहमीपेक्षा जास्त दिसला की इथे गन काढावी. शेवटचे एक-दोन किलोमीटर जोरात ब्रेक न दाबता चालवा, थांबल्याबरोबर ट्रेलरचे सगळे हब एकाच अंतरावरून मोजा. आकड्यापेक्षा जोडीतला फरक महत्त्वाचा. एक हब शेजारच्यापेक्षा ३०-४० अंश वर असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवा, घासत असेल तर लगेच अडतं, बेअरिंग असेल तर खरखर लागते. हाताने हब चाचपायची सवय असेल तर ती सोडलेली बरी.

दोन्हींतली एकच घ्यायची झाली तर माझं माप स्कॅनरकडे झुकतं. मी आधी तोच घेतला आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तोच घेईन. जड ट्रेलर रोज ओढणाऱ्यांनी गन आधी घेतली तर त्यांना चुकीचं म्हणणार नाही, चाकांसाठी ती लागतेच. ओबीडी पोर्टच नसलेल्या जुन्या गाडीत हा प्रश्न उरत नाही. तिथे वरच्या होजमध्ये अ‍ॅडॉप्टर घालून स्वतःचा सेन्सर असलेला वेगळा गेज बसवा. सेन्सर एका वायरचा असेल तर त्याच्या बॉडीला पक्की अर्थिंग द्यायला विसरू नका, नाहीतर तो गेजही डॅशबोर्डच्या काट्यासारखाच वाटेल ते दाखवत बसतो.