‘ॲक्सेस डिनाइड’ची दुरुस्ती: तपकीर गल्लीजवळच्या संगणक सेवेचा अनुभव

नारायण पेठेत आमचा पुस्तकवितरणाचा व्यवसाय आहे. अप्पा बळवंत चौकातील काउंटरची दिवसभराची विक्री सीएसव्ही फाइलच्या (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या तक्त्याच्या) रूपाने गोडाऊनमधील संगणकाच्या शेअर्ड (नेटवर्कवरून इतर संगणकांनाही उघडता येणाऱ्या) फोल्डरमध्ये जमा होते आणि रात्री दहा वाजता कार्यालयातील एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम ती आपोआप आत घेतो. कार्यालयातला संगणक बदलला आणि हे काम बंद पडले. आधी बोलावलेल्या एका तंत्रज्ञाने शेअरवर ‘एव्हरीवन’ला (म्हणजे सगळ्यांनाच) ‘फुल कंट्रोल’ (पूर्ण अधिकार) देऊन पैसे घेतले. त्यामुळे गोडाऊनचा फोल्डर कार्यालयभर खुला झाला, आयात मात्र झाली नाहीच.

मग तपकीर गल्लीजवळच्या संगणक सेवेच्या दुकानातून मुलगा आला. त्याने कशालाही हात लावण्याआधी त्रुटींची जुनी नोंद उघडली. सुरुवातीला क्रमांक ३ होता, फोल्डरचा पत्ता बदलल्यानंतर तो ५, म्हणजे ‘ॲक्सेस डिनाइड’ (प्रवेश नाकारला), झाला होता. ‘‘तीन म्हणजे वाटच सापडत नाही, पाच म्हणजे दारापर्यंत पोचलो पण आत घेत नाहीत. काका, फाइल तुम्ही उघडून बघता तेव्हा ती तुम्ही उघडता. रात्री ती सर्व्हरची सर्व्हिस उघडते,’’ तो म्हणाला. सर्व्हिस म्हणजे पडद्याआड स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालणारा प्रोग्राम. गोडाऊनच्या फोल्डरसाठी माझ्या लॉगिनमध्ये जोडलेला झेड ड्राइव्ह त्या सर्व्हिसला दिसतच नाही, म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा, संगणकाच्या नावासकट पूर्ण पत्ता द्यावा लागतो, हे त्या दिवशी कळले.

आमच्याकडे डोमेन (सगळ्या संगणकांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) नाही, साधा वर्कग्रुप आहे, म्हणजे प्रत्येक संगणकाची खाती वेगळी. त्यामुळे सर्व्हिसचे मूळ खाते गोडाऊनच्या संगणकाला ओळखीचे नव्हते. त्या मुलाने दोन्ही संगणकांवर एकाच नावाचे आणि एकाच पासवर्डचे स्वतंत्र खाते तयार केले, एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून सर्व्हिस त्या खात्यावर आणली आणि त्या खात्याला शेअर (नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठीच्या परवानग्या) व सिक्युरिटी (फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्या) अशा दोन्ही ठिकाणी फक्त वाचण्याची परवानगी दिली. कारण नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्हींतली जी अधिक कडक असेल तीच लागू होते. ‘एव्हरीवन’ त्याने मी न सांगताच काढून टाकला, हे मला विशेष आवडले.

तरीही एक फाइल अडलीच. काउंटरवरच्या मुलाने ती गोडाऊनच्याच संगणकावरील खासगी फोल्डरमधून कट करून आणली होती, आणि त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते. कॉपी केली असती तर तिला नव्या फोल्डरच्या परवानग्या मिळाल्या असत्या. हे शोधायला दुरुस्तीला आलेल्या मुलाला पाऊण तास लागला, पण त्या वेळेचे वेगळे पैसे त्याने लावले नाहीत.

तक्रारी दोन. सांगितलेल्या दिवसानंतर दोन दिवसांनी माणूस आला, आणि तोवर आम्ही विक्रीच्या नोंदी हाताने भरत होतो. शिवाय केलेल्या बदलांची लेखी नोंद मी मागितल्यावरच मिळाली. त्या खात्याचा पासवर्ड एका ठिकाणी बदलला तर दुसऱ्या संगणकावर आणि सर्व्हिसमध्येही बदलावा लागेल, ही सर्वांत महत्त्वाची सूचना त्या कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली होती. मी ती शाईने गिरवून घेतली.