पेटंटचा दावा: दिल्ली उच्च न्यायालय की टेक्सासचं मार्शल?

पेटंटधारकासाठी भारतात सध्या सगळ्यात सरावलेलं न्यायालय दिल्ली उच्च न्यायालयाचं. अमेरिकेत तो मान टेक्सासच्या पूर्व जिल्हा न्यायालयाकडे, म्हणजे मुख्यतः मार्शल या लहानशा गावाकडे. काम दोन्हीकडे एकच दिसतं: क्लेम (नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणारी पेटंटमधली वाक्यं) वाचायचे आणि समोरच्याची वस्तू त्यांत बसते का ते पाहायचं. पण दिल्लीत खटला बहुतेकदा अंतरिम, म्हणजे निकालाआधी तात्पुरता आदेश मागणाऱ्या, अर्जावरच फिरतो, तर मार्शलमध्ये कागदपत्रं उघड करण्याच्या टप्प्यावर. पैसा आणि माणसं कुठे लावायची, हे त्यावरून ठरवावं.

दिल्लीत बौद्धिक संपदेचा स्वतंत्र विभाग जुलै २०२१ मध्ये सुरू झाला आणि पेटंट दाव्यांचे खास नियम २०२२ मध्ये आले. दाव्यासोबत क्लेम चार्ट हवा: क्लेमचा एकेक घटक आणि त्यासमोर प्रतिवादीच्या वस्तूतला भाग. हा तक्ता कच्चा असेल तर पहिल्याच सुनावणीत वकिलाची पंचाईत होते. चांगली बाजू म्हणजे वेग. प्रकरण पक्कं असेल तर एकतर्फी मनाई हुकूम आणि प्रतिवादीच्या गोदामावर लोकल कमिशनर (न्यायालयाने पाहणीसाठी नेमलेला माणूस), हे दोन्ही दावा लावल्यापासून काही दिवसांत मिळू शकतं.

प्रतिवादीकडे यावर उतारा आहे कॅव्हेटचा, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ अशा आगाऊ अर्जाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली तो ९० दिवस टिकतो, मग नव्याने दाखल करावा लागतो. दोन अडचणी लक्षात ठेवा. ज्या न्यायालयात लावला तिथेच तो चालतो, दिल्लीतला कॅव्हेट मुंबईत कामाचा नाही. आणि त्याची प्रत संभाव्य वादीला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते, म्हणजे आपल्याला भीती वाटतेय हे आपणच कळवतो. बाजारात उतरायची तारीख गुप्त ठेवायची असेल तर हा हिशेब आधी करावा.

भारतात पेटंट मंजूर झालं म्हणजे ते वैध, असं गृहीत धरलं जात नाही. पेटंट कायद्याचं कलम १३(४) तसं स्पष्ट सांगतं. त्यामुळे अंतरिम टप्प्यावर प्रतिवादीने वैधतेबद्दल विश्वासार्ह शंका उभी केली तरी मनाई हुकूम अडतो. अमेरिकेत नेमकं उलटं: पेटंट वैध मानून सुरुवात होते आणि ज्युरीसमोर ते पाडायला स्पष्ट आणि खात्रीशीर पुरावा लागतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मायक्रोसॉफ्ट विरुद्ध आयफोरआय खटल्यात हीच कसोटी कायम ठेवली. याउलट मनाई हुकूम तिथे दुर्मीळ. २००६ च्या ईबे निकालानंतर खटला जिंकला तरी तो आपोआप मिळत नाही. तिथे मिळतो तो पैसा, आणि मुद्दाम उल्लंघन केल्याचं ठरलं तर न्यायाधीश तो तिपटीपर्यंत वाढवू शकतात.

दिल्लीची खरी दुखरी नस अंतिम निकाल. रोशने सिप्लाविरुद्ध एर्लोटिनिब या कर्करोगाच्या औषधाचा दावा जानेवारी २००८ मध्ये लावला. मार्चमध्ये मनाई हुकूम नाकारला गेला, एप्रिल २००९ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. मूळ दाव्याचा निकाल सप्टेंबर २०१२ मध्ये सिप्लाच्या बाजूने लागला. नोव्हेंबर २०१५ मध्ये खंडपीठाने उल्लंघन झाल्याचं मान्य केलं, पण पेटंट मार्च २०१६ मध्येच संपत होतं, म्हणून मनाई दिली नाही, फक्त सिप्लाला नफ्याचा हिशेब द्यायला सांगितलं. पुण्याच्या बजाज ऑटोचा टीव्हीएसविरुद्धचा दुहेरी स्पार्क प्लगचा वाद चेन्नईत चालला, तिथेही हीच तऱ्हा. त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये असे दावे साधारण चार महिन्यांत निकाली काढा म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात साक्षीपुरावे सुरू व्हायलाच त्याहून जास्त काळ जातो. भरपाई अगदीच किरकोळ असते असं मात्र आता म्हणता येत नाही: मार्च २०२४ मध्ये एरिक्सनला लाव्हाकडून २४४ कोटी रुपये मंजूर झाले.

प्रतिवादी सगळ्यात जास्त चुकतात ते लेखी कैफियतीत. व्यावसायिक दाव्यात मुदत ३० दिवस, फार तर १२० दिवस. त्यानंतर न्यायालयालाही ती वाढवता येत नाही. कैफियतीसोबत वादीची कागदपत्रं मान्य-अमान्य असल्याचं प्रतिज्ञापत्र नसेल, तर दिल्लीत ती नोंदीवरच घेत नाहीत. प्रायर आर्टही, म्हणजे ते तंत्र पेटंटच्या आधीच माहीत होतं याचा पुरावा, त्याच वेळी जोडायचं. मागाहून सापडलेला जर्मन किंवा जपानी संदर्भ आत घ्यायला उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. पेटंट रद्द करायचा रस्ताही एकच निवडावा लागतो, प्रतिदावा किंवा स्वतंत्र अर्ज. दोन्ही चालवता येत नाहीत, हे आलॉइस वॉबेन खटल्यात २०१४ मध्ये ठरलं. पुणे जिल्हा न्यायालयात दावा लागला आणि प्रतिवादीने असा प्रतिदावा केला, तर कलम १०४ नुसार सगळं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जातं.

आता मार्शल. दाव्याची फी ४०५ डॉलर, पण त्या आकड्यावर जाऊ नका. पुढचा खर्च लाखो डॉलरचा, आणि जिंकलात तरी वकिलाची फी सहसा आपली आपणच भरायची. २०१७ च्या टीसी हार्टलँड निकालाने अमेरिकी कंपन्यांना कुठेही खेचणं थांबलं, मात्र परदेशी कंपनीला ते संरक्षण नाही. चाकणचा निर्यातदार मार्शलमध्ये प्रतिवादी होऊ शकतो.

तिथला कणा म्हणजे डिस्कव्हरी, अर्थात कागदपत्रं उघड करण्याचा टप्पा. नियमाने दिल्लीतही आपल्याविरुद्ध जाणारी कागदपत्रं जोडावी लागतात, पण प्रत्यक्षात बहुधा सोयीचीच जोडली जातात. मार्शलमध्ये प्रकरणाशी संबंधित सगळंच द्यावं लागतं, तेही समोरच्याने मागायची वाट न पाहता. अभियंत्यांचे ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप गटातले संदेश, जुनी ड्रॉइंग, सगळं त्यात आलं. दाव्याची चाहूल लागताच सर्व विभागांना ‘काहीही पुसू नका’ असा लेखी आदेश द्यायचा आणि सर्व्हरवरची आपोआप पुसण्याची सोय बंद करायची. हेतुपुरस्सर पुसल्याचं सिद्ध झालं, तर तो मजकूर तुमच्याविरुद्ध होता असं धरून चालायला न्यायाधीश ज्युरीला सांगू शकतात. मग तांत्रिक बचाव कितीही भक्कम असो, उपयोग शून्य. एका डिपोझिशनला, म्हणजे खटल्याआधी शपथेवर घेतलेल्या जबाबाला, सात तास. कंपनीतर्फे बसवलेल्या माणसाचं उत्तर हे कंपनीचंच उत्तर ठरतं, म्हणून सर्वांत ज्येष्ठ माणूस पाठवण्याऐवजी सर्वांत तयारीचा पाठवा.

वादीने उल्लंघनाचा तपशील दिल्यापासून ४५ दिवसांत पेटंट अवैध का, हे तक्त्यांसह मांडायचं. नंतर दुरुस्ती सहजासहजी होत नाही. म्हणजे प्रायर आर्टचा शोध समन्स मिळाल्याच्या आठवड्यातच सुरू करायला हवा. पेटंट कार्यालयापुढचा आयपीआर (मंजूर पेटंटच्या वैधतेची फेरतपासणी) हा समांतर मार्ग दावा बजावल्यापासून एक वर्षाच्या आतच खुला असतो. तिथे वैधतेची कसोटी सौम्य आहे, पण आधार फक्त पेटंट आणि छापील प्रकाशनांचा. शिवाय अंतिम निकाल विरोधात गेला, तर तिथे मांडता आले असते असे मुद्दे न्यायालयात पुन्हा काढता येत नाहीत.

मूळ तंत्रज्ञान तुमचं असेल आणि नक्कल भारतात विकली जात असेल, तर दिल्लीलाच प्राधान्य द्यावं, पण पेटंट संपायला दोन-तीन वर्षंच उरली असताना नव्हे. मोठी भरपाई हवी आणि माल अमेरिकेत विकला जात असेल तर मार्शल. निर्यातदाराने मात्र दोन्हींच्या आधी आपला पुरवठा करार उघडावा. पेटंट दाव्याचा सगळा खर्च पुरवठादाराने सोसायचा, असं एक वाक्य अमेरिकी ग्राहक त्यात बहुधा घालतोच. त्याला रकमेची कमाल मर्यादा घाला, आणि ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलेले भाग त्यातून वगळायला लावा.